कोण सुटलं ते सांग



आपल्यातल्या बऱ्याच जणी रहस्यकथा वाचतात, पण उघड कुणी सांगत नाही. देवघराशेजारच्या फळीवर स्वाध्यायाची पुस्तकं असतात आणि उशीखाली दुसरंच काही असतं. मी मात्र माझं उशीखालचं पुस्तक आता टेबलावर आणून ठेवलंय. पाहुणे आले तरी उचलत नाही. गेली दोन वर्षं मी अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या मागं लागले आहे आणि आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे. कारण आमच्या मंदिरातल्या दुपारच्या स्वाध्यायात एका काकूंनी मला सरळच विचारलं, "खुनाची पुस्तकं वाचतेस म्हणं? दुःश्रुती नाही का होत ती?"

प्रश्न रागाचा नव्हता, खरा होता. त्यामुळं उत्तरही खरं शोधायला हवं होतं.

आधी ही मार्पल कोण ते सांगते. इंग्लंडातल्या सेंट मेरी मीड नावाच्या एका काल्पनिक खेड्यात राहणारी, लग्न न केलेली म्हातारी बाई. पोलिसांत नाही, वकील नाही, कुठल्या कचेरीत नाही. बागेतलं तण काढते, लोकरीचं विणते, शेजारणींकडं चहाला जाते. ख्रिस्तीनं तिला पहिल्यांदा 1927 साली एका छोट्या कथेत आणलं. पहिली कादंबरी 'द मर्डर अॅट द व्हिकारेज' 1930 ची. पुढं चाळीसेक वर्षं ती लिहीत राहिली आणि मार्पलच्या एकूण बारा कादंबऱ्या झाल्या. शेवटची 1976 साली, ख्रिस्ती गेल्यानंतर आली. गंमत म्हणजे त्याच 1930 साली अमेरिकेत नॅन्सी ड्र्यूचं पहिलं पुस्तक आलं. ती शाळकरी वयाची पोर आणि ही केस पिकलेली आजी. माझी लेक नॅन्सी ड्र्यू वाचते, मी मार्पल. पहिलं पुस्तक एकाच वर्षी आलेल्या दोघी आमच्या घरात नांदतात.

आपल्या मराठीत रहस्यकथांची काही कमी नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळापहाड ही नावं माझ्या काकांच्या तोंडी घरातल्या माणसांसारखी असायची. सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी, दारा बुलंद माझ्या भावानं कॉलेजात असताना फडशा पाडून वाचले. पण हे सगळे पुरुष. पिस्तूल घेऊन गाडीतून उतरणारे. त्यांच्या गोष्टीत बाई यायची ती बहुतेकदा पळवून नेलेली, नाहीतर पळवून लावणारी. स्वयंपाकघरात बसून, धान्य निवडता निवडता कोडं सोडवणारी बाई मला तिथं भेटली नाही. ती भेटली ती मधुकर तोरडमलांमुळं. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'वाले तेच तोरडमल. त्यांनी ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. नांदेडला वाचनालयात त्यांतली एक हाताला लागली आणि मग सवयच झाली.

आता वेळ कुठून काढता, हे विचारू नका. आपल्याकडं सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. साडेसातला ओटा पुसून झाला की दुकानातून ह्यांची गाडी वाजेपर्यंत दोन तास आपलेच असतात. बाकीच्या जगाचा स्वयंपाक चालू असतो तेव्हा आपलं स्वयंपाकघर बंद. रात्रीभोजन त्यागाचं हे एक पुण्य कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण मी ते रोज भोगते.

पहिलं पुस्तक वाचताना मला वाटलं, ही बाई करते काय? ही फक्त बघते. सकाळी दूधवाला किती वाजता आला, कुणाच्या घराचे पडदे अजून उघडले नाहीत, कुणी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतंय. आणि कुठलीही मोठी भानगड समोर आली की तिला गावातली एखादी बारकी गोष्ट आठवते. अमक्या बाईच्या घरून एकदा अशीच वस्तू गेली होती, तमका पोरगा असाच साळसूद दिसायचा. ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हातारीचं डोकं भरकटलं. पण माणसाचा स्वभाव खेड्यात जसा असतो तसाच तो मोठ्या बंगल्यात असतो, हे तिला माहीत असतं. तिच्या त्या पहिल्या कथेत तर सगळं रहस्य जेवणातल्या एका गोड पदार्थापाशी येऊन ठेपतं. तिथं बसलेल्या हुशार पुरुषांना ते उमगत नाही, कारण तो पदार्थ कसा करतात हे त्यांना ठाऊकच नाही. हिला ठाऊक आहे.

हे वाचलं आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवून स्वतःशी हसले. सख्यांनो, आपण काय वेगळं करतो? डाळ ताटात पसरून दाणा न् दाणा बघतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो, वर त्या फडक्याचं जीवाणीसुद्धा जपून परत सोडतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे बोटावर मोजून ठेवतो. भेंडी उभी चिरून आत अळी आहे का ते बघितल्याशिवाय कढईत टाकत नाही. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा तर एक केससुद्धा नजरेतून सुटून चालत नाही. आपण त्याला शोधून घेणं म्हणतो. पोलीसही शोधच म्हणतात. फरक इतकाच, की ते गुन्हेगार धरण्यासाठी शोधतात आणि आपण कुणी निष्पाप जीव चुकून भरडला जाऊ नये म्हणून शोधतो.

हे वाक्य लिहिताना मला माझी लातूरची मावशी आठवते. तिची हकीकत तिला विचारून लिहिते आहे.

मावशीचं सासर गंजगोलाईच्या मागं, एकत्र कुटुंब, माळवदाचं जुनं घर. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिच्या नणंदेचं लग्न निघालं. पाहुण्यांनी घर गच्च भरलेलं. लग्न झालं, वरात गेली आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंची बोरमाळ सापडेना. ज्या खोलीत ट्रंक होती तिथं लग्नाच्या चार दिवसांत पंचवीस बायका येऊन जाऊन होत्या. पण ट्रंकेजवळ अंथरूण होतं ते नव्या सुनेचं.

कुणी तिला चोर म्हणालं नाही. मावशी आजही हे आवर्जून सांगते, "कुणी एक शब्द बोललं नाही, माय. बोलले असते तर मी तरी बोलले असते." फक्त एक झालं. कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, त्या एका सकाळी थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला दिसल्या. तेवढंच. पुढं बावीस वर्षं सासूबाई होत्या. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या, तेव्हा त्यांचं सगळं मावशीनंच केलं. पण किल्ल्या परत आल्या नाहीत. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी दोघी एकमेकींपुढं हात जोडायच्या, "उत्तम क्षमा" म्हणायच्या. कशाची क्षमा, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. बोरमाळ आजतागायत सापडलेली नाही.

मावशीला मी मार्पलची पुस्तकं द्यायला लागले ती सहज. नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तास जातात. बसमध्ये वाचायला घेतलेलं पुस्तक मी तिच्याकडं ठेवून यायची. आता तिची नजर अधू झालीये, त्यामुळं फोनवर गोष्ट सांगावी लागते. आणि मी रंगवून सांगायला लागले, की ती मधेच तोडते. "कुणी मारलं ते राहू दे. कोण सुटलं ते सांग."

मला रहस्यकथेचं मर्म कळलं ते या वाक्यानं. आपल्याला वाटतं, लोक खुनी कोण हे कळावं म्हणून वाचतात. तसंही असेल. पण ख्रिस्तीच्या गोष्टीत एक घर असतं, त्यात आठ-दहा माणसं असतात आणि जोवर खरं कळत नाही तोवर त्यातलं प्रत्येक जण गुन्हेगार असतं. नवरा बायकोकडं वेगळ्या नजरेनं बघतो, मालकीण मोलकरणीकडं. तिच्या 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' या 1932 च्या संग्रहात एका गोष्टीचा सगळा रोखच हा आहे: गुन्हेगाराला शिक्षा होवो न होवो, पण चार संशयितांतल्या तीन निर्दोष माणसांनी जन्मभर काय म्हणून सोसावं? मावशीला ही गोष्ट मी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ती पलीकडं बराच वेळ गप्प होती.

आपल्या अठरा पापस्थानांत तेरावं पाप आहे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. हिंसा, असत्य, चोरी यांच्या पंगतीत आपल्या पूर्वाचार्यांनी ते वेगळं मोजलंय. असत्यात ते येऊन गेलंच होतं, तरी वेगळं. का, ते मावशीकडं बघून कळतं. आळ घ्यायला तोंड उघडावं लागत नाही. किल्ल्या हलवल्या तरी पुरतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुःश्रुती म्हणजे राग, द्वेष, मद, विषय यांच्या गोष्टी ऐकून मन गढूळ करून घेणं. म्हणजे कसोटी विषयाची नाही, गढूळपणाची आहे. गोष्टीत पाप आहे की नाही हे बघायचं नाही, ती ऐकून मन निवळतं की ढवळतं हे बघायचं. नाहीतर आपला प्रथमानुयोगच मिटून ठेवावा लागेल. यशोधरचरित्रात राणी अमृतमती नवऱ्याला आणि सासूला जेवणातून विष घालते. आपण ती कथा पिठाच्या कोंबड्यासाठी, संकल्पी हिंसेच्या फळासाठी सांगतो, पण घरातलं विष त्यात आहेच. ख्रिस्तीच्या किती गोष्टी अशाच जेवणाच्या टेबलावर घडतात.

आणि त्याच रत्नकरंडात मला आपली मार्पल सापडली.

पाच पापांची उदाहरणं देताना आचार्यांनी असत्यासाठी सत्यघोषाचं नाव घेतलंय. श्लोकात फक्त नाव, गोष्ट टीकेत येते. आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकलेली आहे, पण आपलं लक्ष असतं त्या लबाड पुरोहिताकडं. या वेळी राणीकडं बघत वाचा.

सिंहपुरात राजा सिंहसेन, राणी रामदत्ता. त्यांचा पुरोहित श्रीभूती जानव्याला सुरी बांधून हिंडायचा. खोटं बोललो तर हिनं जीभ कापून घेईन म्हणायचा. म्हणून लोक त्याला सत्यघोष म्हणू लागले. समुद्रदत्त नावाच्या व्यापाऱ्यानं पाच मौल्यवान रत्नं त्याच्याकडं ठेव म्हणून ठेवली आणि तो व्यापाराला गेला. परत येताना जहाज बुडालं. कफल्लक होऊन आला, रत्नं मागितली, तर पुरोहित आजूबाजूच्या लोकांना म्हणाला, बिचाऱ्याचं सगळं बुडालं, त्यानं वेड लागलंय. व्यापाऱ्यावर कुणाचाच विश्वास बसेना. सत्यघोषाविरुद्ध कोण ऐकणार? तो राजवाड्याजवळच्या चिंचेच्या झाडावर चढून रोज पहाटेच्या अंधारात ओरडायचा, माझी रत्नं याच्याकडं आहेत. सहा महिने रोज.

सगळं नगर ते ऐकत होतं. राजाही ऐकत होता. राणीनं मात्र नुसतं ऐकलं नाही, कान दिला. तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस रोज तेच बोलतो. वेड्याचं बोलणं रोज एकसारखं नसतं. मग हा वेडा नाही.

तपासाची सुरुवात इथं झाली. पुढं ती पुरोहिताला द्यूत खेळायला बसवते आणि खेळता खेळता आपली हुशार दासी निपुणमती हिला त्याच्या घरी पाठवते, की जा, त्याच्या बायकोकडून रत्नं मागून आण. बायको देत नाही. मग राणी डावात त्याची अंगठी जिंकते, ती खूण म्हणून पाठवते. तरी नाही. मग ती सुरी आणि जानवं जिंकते. ज्या सुरीवर त्याचा सगळा लौकिक उभा होता तीच सुरी बघून त्याच्या बायकोनं रत्नं काढून दिली. त्यावरही थांबले नाहीत. ती रत्नं दुसऱ्या पुष्कळ रत्नांत मिसळून व्यापाऱ्यापुढं ठेवली, यातली तुझी उचल. त्यानं आपली तेवढीच उचलली. एकही जास्त नाही. आरोप करणाराही खरा आहे ना, याची ती परीक्षा होती.

आता 1957 ची '4.50 फ्रॉम पॅडिंग्टन' घ्या. मार्पलची एक मैत्रीण आगगाडीतून जात असते. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी तिच्या गाडीच्या बरोबरीनं धावते आणि त्या गाडीच्या खिडकीत तिला एक माणूस एका बाईचा गळा दाबताना दिसतो. पोलीस येतात, शोधतात. प्रेत कुठंच नाही. म्हातारीला स्वप्न पडलं असेल म्हणून सगळे सोडून देतात. मार्पल मात्र विश्वास ठेवते. का? कारण या मैत्रिणीला कल्पनाशक्ती नावाची गोष्टच नाही, ती मनचं काही रचू शकत नाही, हे हिला पक्कं माहीत असतं. मग वयामुळं स्वतः धावपळ करता येत नाही, तर ल्यूसी नावाच्या घरकामात तरबेज मुलीला ती त्या संशयाच्या घरात कामाला पाठवते. ल्यूसी स्वयंपाक करता करता शोध घेते.

रामदत्ता आणि निपुणमती, मार्पल आणि ल्यूसी. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं ऐकून घेणं, हुशार बाईला पुढं पाठवणं, पुरावा हातात येईपर्यंत तोंड न उघडणं. पद्धत तीच. आणि आपली राणी त्या इंग्रज आजीच्या कित्येक शतकं आधीची.

याच्या उलट अंजनेची गोष्ट. तिच्याजवळ पवनंजयानं दिलेला खुणेचा दागिना होता. तिनं तो सासूला, केतुमतीला दाखवला. सासूनं मानला नाही. गरोदर अंजनेला घराबाहेर काढलं. माहेरी गेली तर बापानंही दार लावलं. खूण दोन्ही गोष्टींत होती. रामदत्तेच्या गोष्टीत खुणेनं न्याय झाला, अंजनेच्या गोष्टीत खूण असून उपयोग झाला नाही, कारण बघणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. पुरावा डोळ्यांपुढं असून चालत नाही, बघायची इच्छा लागते. अंजनेच्या सासरी एक रामदत्ता असती, तर हनुमानाचा जन्म गुहेत झाला नसता.

आपल्या काळातलंही एक खरं उदाहरण सांगते. रजनी पंडित यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मुंबईतल्या महिला गुप्तहेर. त्यांनी मुलाखतींमधून सांगितलंय, की या कामाची सुरुवात त्या एका कचेरीत नोकरी करत असताना झाली. सोबत काम करणाऱ्या एका बाईंच्या घरातले पैसे गेले होते आणि त्यांचा संशय होता नव्यानं आलेल्या सुनेवर. रजनीताईंनी घरावर लक्ष ठेवलं, तेव्हा निघाला त्यांचा स्वतःचाच धाकटा मुलगा. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या सुनेचा. तिला कधी कळलं असेल का, की एका अनोळखी बाईनं आपल्याला वाचवलं?

मात्र सख्यांनो, इथं एक धोका आहे आणि तो न सांगता पुढं गेले तर हा लेख अर्धा राहील. बघण्याची सवय लागली, की सांगण्याची खाज सुटते. आणि तिथं आपला धर्म हात धरतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक रहोभ्याख्यान, दोघांमधली एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं. दुसरा साकारमंत्रभेद. म्हणजे काय? कुणाच्या चेहऱ्यावरून, भुवईवरून, हातवाऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं आणि मत्सरानं ते जगजाहीर करायचं. वाचून दचकायला झालं. मार्पलची सगळी विद्या ही भुवई वाचण्याचीच तर आहे! पण सूत्राचा रोख ओळखण्यावर नाही, मत्सरानं फोडण्यावर आहे. ओळखलेलं खोटं असण्याची गरज नाही. खरं असलं तरी अतिचार.

आणि मग सम्यक्दर्शनाच्या आठ अंगांतलं उपगूहन. त्याची जिनेंद्रभक्त शेठची कथा तर उरफाटी रहस्यकथाच आहे. शेठच्या घरच्या चैत्यालयात पार्श्वनाथांच्या मूर्तीवरच्या छत्राला एक मौल्यवान मणी होता. क्षुल्लकाचं सोंग घेऊन आलेल्या चोरानं तो रात्री चोरला. शिपाई मागं लागले, चोर पळत पळत शेठकडंच आला. शेठनं एका क्षणात सगळं ओळखलं. पण शिपायांना म्हणाला, मीच याला मणी आणायला सांगितला होता. एका ढोंग्यापायी धर्माची नाचक्की नको, म्हणून. आणि शिपाई गेल्यावर त्याला सुनावून रात्रीच घराबाहेर काढला.

मग रामदत्ता बरोबर की जिनेंद्रभक्त? एकीनं उघड केलं, एकानं झाकलं. मी यावर बरेच दिवस विचार केला. मला जे उमगलं ते असं. शेठच्या गोष्टीत वस्तू त्याची होती, नुकसान त्याचं होतं आणि दुसऱ्या कुणावर आळ आलेला नव्हता. झाकून कुणाचं वाईट होत नव्हतं. सत्यघोषाच्या गोष्टीत एक निर्दोष माणूस वेडा ठरत होता. तिथं झाकणं म्हणजे त्याला रोज झाडावर चढवणं. मार्पलही हेच करते, बघा. गावातली कितीतरी लफडी तिला ठाऊक असतात, ती बोलत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात फास पडायची वेळ आली, की ती विणकाम बाजूला ठेवते. 'अ पॉकेट फुल ऑफ राय' या 1953 च्या कादंबरीत तर ती एका मोठ्या घराच्या भानगडीत पडते ती त्या घरच्या श्रीमंतांसाठी नव्हे. तिनं स्वतः कामाला तयार केलेली एक साधी, भोळी मोलकरीण तिथं मारली जाते आणि तिच्याबद्दल कुणालाच फारसं काही वाटत नाही, म्हणून ती जाते.

आमच्या घरातही हे हळूहळू मुरत चाललंय. परवा लेकीच्या एका मैत्रिणीबद्दल कुठल्याशा ग्रुपवर काहीबाही आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं पुढं ढकललेलं. लेक म्हणाली, "आई, हे मूव्हिंग फिंगर आहे." ख्रिस्तीची त्या नावाची कादंबरी निनावी पत्रांवर आहे. एका शांत गावात कुणीतरी घाणेरडी पत्रं पाठवत असतं आणि 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही' म्हणत जो तो त्यावर विश्वास ठेवत जातो. लेकीनं तो मजकूर पुढं पाठवला नाही. त्या मैत्रिणीला मात्र घरी जेवायला बोलावलं, दिवस मावळायच्या आत. दोघींनी मिळून थालीपीठं खाल्ली. दुःश्रुती अशी फळत असेल, तर माझी काही तक्रार नाही.

घरात एखादी वस्तू सापडत नाही, असा प्रसंग प्रत्येकीवर येतो. तेव्हा मी या दोघींकडून, राणीकडून आणि आजीकडून, जे उचललंय ते इथं ठेवते. पहिलं, वस्तू गेली असं म्हणायचं नाही, सापडत नाही असं म्हणायचं. दोन्हींत फार फरक आहे. दुसरं, शेवटची कुणी बघितली ते आठवायचं. घरात शेवटी कोण आलं होतं, इथून सुरुवात करायची नाही. तिसरं, भांडी घासायला येणाऱ्या बाईंसमोर शोधाशोध करायची नाही. आपण काही बोललो नाही तरी ती सगळं ऐकते. चौथं, ज्याचं घरात सगळ्यात कमी ऐकलं जातं, त्याला एकदा नीट विचारायचं. आणि पाचवं, वस्तू सापडली, तर ज्याच्याकडं चुकून का होईना नजर गेली होती त्याच्या हातात ती द्यायची आणि म्हणायचं, ठेव बरं जागेवर.

हे पाचवं मला मावशीनं शिकवलंय. तिला म्हटलं, बोरमाळ आता सापडली तर काय करशील? मला वाटलं, म्हणेल की सगळ्यांना बोलावून दाखवीन. ती म्हणाली, "थोरल्या जाऊबाईंना देईन. पन्नास वर्षं किल्ल्यांचं वजन त्यांनीबी वाहिलंय की." जाऊबाई आता ऐंशीच्या पुढं आहेत. दोघी सकाळी एकत्र मंदिरात जातात, हातात हात धरून, एकीला दिसत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही म्हणून.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'द थर्टीन प्रॉब्लेम्स'पासून करावी. छोट्या गोष्टी आहेत, एका बैठकीत एक होते आणि आमटी उतू जायच्या आत संपते. मग '4.50 फ्रॉम पॅडिंग्टन'. मग 1950 ची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', त्यात तर खुनाची आगाऊ जाहिरातच वर्तमानपत्रात येते. आणि शेजारी रत्नकरंडाची प्रत असू द्या. सत्यघोषाची कथा काढून पुन्हा वाचा, राणीवर बोट ठेवून. पाठशाळेत मुलांना सांगाल तेव्हा पुरोहिताची सुरी सांगाच, पण पहाटेच्या अंधारात एक बाई उठून बसली आणि तिनं कान दिला, हेही सांगा.

आणि काकू, तुम्हाला पुढच्या गुरुवारी एक पुस्तक आणून देते. कव्हर घालून.

जय जिनेंद्र.